छोटा हत्ती विजेवर घ्यायचा तर

साहित्य: एक शंभर पानी वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन, मागच्या बारा महिन्यांची घरची वीजबिलं, सध्याच्या गाडीची गॅरेजची बिलं आणि महिनाभर शोरूमची पायरी न चढण्याचा निश्चय. यातला शेवटचा जिन्नस बाजारात मिळत नाही, घरूनच न्यावा लागतो.

सासवडच्या मेव्हण्याचा फोन आला तेव्हा तो शोरूममधूनच बोलत होता. "दाजी, पाच हजार भरून बुक करू का? ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणतात." ऑफर पुढच्या महिनाअखेरीलाही असते, चहा घे आणि घरी जा, असं मी सांगितलं. त्याचा धंदा असा: पुरंदरातल्या दोन-तीन गावांतून भाजी उचलायची, हंगामात अंजीर आणि सीताफळ, पहाटे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याच्या गाळ्यावर माल टाकायचा आणि साडेनऊपर्यंत घरी. जुनी सीएनजी गाडी आता थकली आहे. पुढची सगळी कृती त्याच्या हिशेबावरून लिहिली आहे. तुमचा माल पाव असेल, पाण्याचे जार असतील, लग्नाचा स्वयंपाक असेल, तर आकडे बदलतील. पायऱ्या बदलणार नाहीत.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची वही

वही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा. रोज फक्त सहा गोष्टी लिहायच्या. सकाळी निघताना मीटरवरचे किलोमीटर, रात्री गाडी लावतानाचे किलोमीटर, मालाचं वजन, गाडी कुठे किती वेळ नुसती उभी होती, इंधन किती रुपयांचं भरलं आणि घरची वीज किती वेळ गेली.

मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणाला, "रोजचे ऐंशी-नव्वद होत असतील." वहीत निघाले ६१. आपण सगळेच दमलेल्या दिवसाचे किलोमीटर लक्षात ठेवतो. उलटंही होतं. एका ओळखीच्या दूधवाल्याने "चाळीस फार तर" सांगितलं होतं, पण सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या मोजल्यावर ते ८८ भरले. गाडी कोणतीही असो, पुढचा सगळा खेळ याच आकड्यावर आहे, म्हणून तो अंदाजाने लिहू नका.

वहीत दोन आकडे वेगळ्या शाईने काढून ठेवा. एक, रोजची सरासरी. दोन, वर्षातला सगळ्यात लांबचा दिवस. पंधरा दिवसांत हंगाम दिसत नाही, म्हणून मागच्या वर्षाच्या आडत्याच्या पट्ट्या काढून त्यावरून जास्तीच्या फेऱ्यांचे दिवस मोजा. सीताफळ तेजीत असताना दिवसाला दोन फेऱ्या होतात, म्हणजे १२० किलोमीटर. गाडी परवडते की नाही हे सरासरी सांगते. गाडी पोचते की नाही हे लांबचा दिवस सांगतो. शोरूममध्ये हे दोन प्रश्न एकातच गुंडाळून विचारले जातात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

उभ्या वेळेचा रकाना भरायला लोक कंटाळतात, पण चार्जिंग त्यातूनच निघतं. मेव्हण्याची गाडी सकाळी साडेनऊ ते निदान दुपारी तीनपर्यंत घरीच, चिंचेखाली उभी असते. डिझेलच्या गाडीला त्या साडेपाच तासांची किंमत शून्य. विजेच्या गाडीला तोच पेट्रोल पंप.

दुसरी पायरी: आजची गाडी खरोखर किती खाते

टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा पूर्ण भरेपर्यंत चालवा. असं किमान चार वेळा करा, कारण सीएनजीत पंपावरच्या दाबाप्रमाणे कधी टाकी अर्धीमुर्धीच भरते आणि एका वेळच्या हिशेबावर विश्वास ठेवता येत नाही. मेव्हण्याला किलोला १६ किलोमीटर मिळाले. भाव हिशेबापुरता ९२ रुपये धरला, म्हणजे किलोमीटरला पावणेसहा रुपये. तुमच्या गावचा आजचा भाव घालून हा आकडा पुन्हा काढा.

गॅरेजच्या बिलांत ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच अशी जी कामं विजेच्या गाडीला लागणारच नाहीत तेवढीच वेगळी काढा. टायर, ब्रेक, बॉल जॉइंट, पाटे दोन्हीकडे सारखेच. त्याच्या बिलांतून किलोमीटरला ५० पैसे निघाले. शोरूमवाले "मेंटेनन्स झिरो" म्हणतात, ते कानाआड करा.

सीएनजीच्या रांगेत गेलेला वेळही लिहा, पण त्याचे पैसे लावू नका. तो वेळ वाचल्यावर तुम्ही नक्की काय कमावणार हे दाखवता येत नसेल तर ती झोप आहे, उत्पन्न नाही. झोपेलाही किंमत आहे, हे बायकोचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त ती बँकेच्या हप्त्यात चालत नाही.

तिसरी पायरी: आधी सॉकेट, मग गाडी

लोक गाडी घरी आणतात आणि मग वायरमनला फोन करतात. क्रम उलटा करा.

छोट्या मालवाहू गाड्या घरच्या १५ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवर चार्ज होतात. त्यातून प्रत्यक्षात पावणेतीन-तीन किलोवॉट मिळतात, म्हणजे २१ युनिटांची बॅटरी रिकामी ते पूर्ण व्हायला रात्रीचे आठ-नऊ तास. हा भार गिझरसारखा दहा मिनिटांचा नाही, तो रात्रभर सलग चालतो. बोर्डापासून चिंचेपर्यंत टाकलेली जुनी बारीक वायर यात गरम होते, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि एके दिवशी वितळतं. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि पावसाचं पाणी न पोचणारं झाकणाचं सॉकेट. त्याच लाइनवर एक साधा सब-मीटर बसवून घ्या. गाडी भिंतीतून किती युनिट ओढते ते पुढे हाच खरा साक्षीदार सांगेल.

अर्थिंग तपासून घ्या. चार्जरला अर्थ नीट मिळाला नाही तर तो चार्जिंग सुरूच करत नाही आणि दोष गाडीवर येतो. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या पुढे दिसला तर नवा खड्डा घ्यायची वेळ आली आहे. जुन्या वाड्यांत आणि शेतातल्या घरांत अर्थिंग म्हणजे बऱ्याचदा नळाच्या पाइपला गुंडाळलेली तार असते.

मग वीजबिल हातात घ्या. त्यावर 'मंजूर भार' छापलेला असतो. तो एक किलोवॉट असेल आणि तुम्ही तीन किलोवॉट रात्रभर ओढणार असाल, तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल. घरगुती बिलातली दुसरी गोष्ट म्हणजे टप्पे: १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे सर्वांत महाग. मेव्हण्याच्या घरी महिन्याला १२० युनिट लागतात. रोज ७० किलोमीटर गाडी चालली तर तिचेच पावणेचारशेच्या वर युनिट होतील. म्हणजे गाडीचा एकेक युनिट वरच्या महागड्या पायरीवर जाऊन बसणार. "युनिट पाच रुपयांना पडतो" हा शोरूमचा हिशेब इथे कोसळतो. चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन, वेगळा मीटर घेता येतो आणि त्याचा दर वेगळा असतो. दोन्ही दरांनी गणित मांडून बघा. आम्ही स्थिर आकार, अधिभार, सगळं धरून दहा रुपये युनिट लावला.

आता गावाकडचा मोह. शेतात थ्री फेज आहे, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात बिल माफ आहे, मग गाडी विहिरीवरच लावू, असं मेव्हण्याच्या मनात आलंच. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पुढे जाते. शिवाय ती वीज येते आठ तास, आणि तेही कधी दिवसा कधी रात्री. पहाटे तीनला निघणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये.

उलट गाडी दिवसाच घरी असते म्हटल्यावर छपरावरचं सौर मात्र जुळतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण ते वेगळं गणित म्हणून वेगळ्या पानावर मांडा. सौरचा फायदा गाडीच्या खात्यात ओढला की गाडी उगाच स्वस्त दिसू लागते.

चौथी पायरी: माल भरून घाट

टाटांचा पहिला विजेवरचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २०२२ मध्ये आला, २१.३ युनिटांची बॅटरी आणि कागदावर १५४ किलोमीटर. २०२४ मध्ये एक टन वाहणारा आला. त्याच वर्षी महिंद्राचा झिओ आला, १८.४ आणि २१.३ युनिटांच्या बॅटऱ्यांत. २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोची बॅटरी १४.४ युनिटांचीच, माल ७५० किलो आणि कागदावर १५५ किलोमीटर. कागदावरचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यावरून निवड होत नाही. हा प्रमाणित आकडा देणारी एआरएआय संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. पण ती चाचणी ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे होते, टोमॅटोचे क्रेट भरून दिवे घाटात होत नाही. दोन वेगवेगळ्या गाड्यांना एकाच फुटपट्टीने मोजायला तो आकडा चांगला. तुमच्या रस्त्याला तो लागू नाही.

म्हणून ट्रायल मागा, आणि ती शोरूमभोवतीची चक्कर नको. आपला माल, आपला रस्ता, आपली वेळ. विक्रेता नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. गाडी विकायची असली की डेमोची गाडी सापडते.

वजनाचं आधी बघा. टोमॅटोचा भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासकट २२ किलोच्या आसपास. सहाशे किलोच्या गाडीत २७ क्रेट, साडेसातशेच्या गाडीत ३४, एक टनाच्या गाडीत ४५. आपल्याकडे छोट्या हत्तीवर दीडपट-दुप्पट माल घालायची रीत आहे आणि डिझेलचं इंजिन कुरकुर करत ते सहन करतं. विजेची मोटरही ओढेल, ओढायला ती तयारच असते, पण बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरतील. तुमचा खरा माल ४० क्रेटचा असेल तर ६०० किलोच्या गाडीचं गणित इथेच बंद करा.

घाटाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने होतो. माल धरून दोन टनांची गाडी शंभर मीटर उंच चढवायला साधारण अर्धा युनिट जास्त लागतो. उतरताना मोटर उलट चालून त्यातला काही भाग बॅटरीत परत घालते. मेव्हण्याचं नशीब असं की त्याचा माल उतरतो आणि रिकामी गाडी चढते. दिवे घाटाने जा की बोपदेवने, पुण्याला जाताना भरलेली गाडी उतारावर असते. जो पुण्यातून सिमेंट भरून सासवडला नेतो त्याला हीच गाडी, हाच रस्ता आणि वेगळाच आकडा मिळेल. त्याने आमच्या आकड्यावर विसंबू नये. अजून एक बारकावा: बॅटरी काठोकाठ भरलेली असताना उतारावरची वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते. गाव घाटमाथ्यालाच असेल तर शंभर टक्के भरून उतारावर सुटू नका. सासवडहून निघाल्यावर घाट लागेपर्यंत बॅटरी थोडी खाली आलेली असते, त्यामुळे ही अडचण आली नाही.

ट्रायलमध्ये टक्के पाच ठिकाणी लिहिले, त्यातले मुख्य तीन असे. घरून निघताना १००, यार्डात ७९, परत घाट चढून घरी ४५. साठ किलोमीटरला ५५ टक्के, म्हणजे पूर्ण बॅटरीत ११० किलोमीटरच्या आसपास. कागदावरच्या १५४ च्या सत्तर टक्के. नंतर सब-मीटर वाचला तर भिंतीतून किलोमीटरला ०.२२ युनिट गेले होते. बॅटरीत जातं त्यापेक्षा भिंतीतून दहा-बारा टक्के जास्त ओढलं जातं. ते उष्णतेत जातं, पण बिल त्याचंही येतं. म्हणून खर्च काढताना सब-मीटरचा आकडा घ्यायचा आणि पल्ला काढताना टक्क्यांचा.

आषाढी वारीची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी रस्ता बंद असतो आणि वळसा पडतो. असे दिवस वर्षात दोन-चारच, पण लांबचा दिवस मोजताना ते विसरू नका. वैशाखातली एक फेरीही अशीच मोजता आली तर उत्तम.

पाचवी पायरी: कोटेशन वाचणं

दोन गाड्यांची कोटेशनं घ्या, एक विजेची आणि एक सीएनजीची. दोन्ही एकाच मापाच्या मालाची हवीत. विजेचा एक टन आणि सीएनजीचा साडेसातशे किलो समोरासमोर ठेवून कुणी फरक दाखवत असेल तर कागद परत द्या.

विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. सीएनजी-डिझेलच्या मालवाहू गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के, त्यामुळे जुनी कोटेशनं आणि मित्राने मागच्या वर्षी केलेला हिशेब आता कामाचा नाही. ज्याचा माल करपात्र आहे आणि जीएसटी नोंदणी आहे त्याला मालवाहू गाडीवरचा कर परताव्यात वळता करता येतो, त्याच्यासाठी ५ आणि १८ मधला फरक जवळजवळ मिटतो. ताज्या भाजीला जीएसटीच नाही, म्हणून मेव्हण्याला परतावाही नाही, आणि त्याच्यासाठी हा फरक खरा आहे. सीएला हा एकच प्रश्न विचारायला पाचशे रुपये फी गेली तरी वसूल.

विम्यात थर्ड पार्टीच्या हप्त्यावर विजेच्या गाडीला १५ टक्के सूट आहे. पण गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वाढतो आणि दोन्ही मिळून विमा महागच पडतो. परमिट लागत नाही, बॅटरीवरच्या वाहतुकीच्या गाड्यांना केंद्राने २०१८ मध्येच त्यातून वगळलं आहे. नंबरप्लेट हिरवी, अक्षरं पिवळी. फिटनेस आणि विमा मात्र वेळेवर हवाच.

सबसिडीवर सावध राहा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका आणि साडेतीन टनांच्या वरचे ट्रक धरले गेले. छोटा हत्ती यांतल्या कशातच बसत नाही. राज्याचं २०२५ चं धोरण २०३० पर्यंत आहे आणि त्यात मोटार वाहन करात माफी आहे. टोलमाफीची बातमी वाचून हुरळू नका, ती प्रवासी चारचाकी आणि बससाठी आहे, मालासाठी नाही. नियम एकच: जी सवलत कोटेशनवर रुपयांत वजा होऊन आली तीच धरायची. "नंतर खात्यात येते" असं जिच्याबद्दल सांगतात ती शून्य धरायची. आली तर दिवाळी.

सहावी पायरी: जमीन आणि छत

आता वहीतलं एक कोरं पान घ्या. मेव्हण्याच्या हातातली कोटेशनं अशी होती की रस्त्यावर येईपर्यंत विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडत होती. लहान बॅटरीची गाडी घेतली तर फरक कमी, मोठी घेतली तर जास्त. हे तीन लाख कर्जातच जाणार. अकरा टक्क्यांनी पाच वर्षांना त्याचा हप्ता ६,५२३ रुपये. वायरिंग आणि मंजूर भार वाढवण्याचे २५ हजार पाच वर्षांत वाटले तर महिन्याला ४१७. जास्तीचा विमा ३३३ धरला. एकूण ७,२७३ रुपये. विजेच्या गाडीने दर महिन्याला किमान एवढे वाचवले पाहिजेत.

वाचतं किती? सीएनजीचे ५.७५ रुपये, विजेचे २.२० रुपये, फरक ३.५५, आणि देखभालीचे ५० पैसे. किलोमीटरमागे ४.०५ रुपये. भागाकार करा: ७,२७३ भागिले ४.०५ म्हणजे महिन्याला १,७९६ किलोमीटर. पंचवीस दिवसांचा धंदा धरला तर रोज ७२.

ही जमीन. सरासरी ७२ च्या खाली असेल तर गाडी रोज थोडे पैसे खिशातून काढते.

छत बॅटरीचं. खरा पल्ला ११०. त्यातले पंधरा टक्के कायम राखीव, कारण पाऊस, वाहतूक आणि ऐन वेळी "जरा उंड्रीवरून जा" सांगणारा आडत्या असतोच. उरले ९३. पाचव्या वर्षी बॅटरी पंधरा टक्क्यांनी म्हातारी झाली असं धरलं तर ७९. म्हणजे एकाच चार्जिंगवर चालणाऱ्याला आज ७२ ते ९३ एवढी खिडकी आणि पाचव्या वर्षी ७२ ते ७९ एवढी फट. त्या वेळी कर्ज संपतं आणि जमीनही खाली सरकते, हा दिलासा. छत उतरतं तेव्हाच जमीन उतरते, हे गणित मला मनापासून आवडलं.

मधल्या चार्जिंगने छत उचलता येतं. दुपारी तीन तास घरच्या सॉकेटवर लावली की पस्तीस-चाळीस किलोमीटर मिळतात. मेव्हण्याकडे साडेपाच तास आहेत, म्हणून सीताफळातला १२० किलोमीटरचा दिवस त्याला जड नाही. वीज गेली नाही तर. वहीच्या त्या सहाव्या रकान्यात वीज जाण्याचे वार दिसतील. आमच्याकडे गुरुवार सगळ्यात वाईट निघाला, दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात.

वाटेतल्या फास्ट चार्जरवर जमीन-छताचं गणित उभारू नका. सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच वर असतो, आणि रोज तिथे भरायची वेळ आली तर सीएनजीशी असलेला फरक पार झिजतो. तो अडीनडीला.

कर्जवाला बॅटरी वेगळी करून किलोमीटरमागे भाड्याने द्यायची योजना पुढे करील. किंमत एकदम उतरते आणि डोळे चमकतात. करारात महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं द्यावंच लागेल ते शोधा. तो आकडा तुमच्या सरासरीच्या वर असेल तर जमीन फक्त शोरूमकडून भाडेवाल्याकडे सरकली, खाली आली नाही.

सातवी पायरी: तीन फोन

पहिला फोन सर्व्हिस सेंटरला, गिऱ्हाईक म्हणून नाही, मालक म्हणून: अमुक भाग बिघडला तर किती दिवस लागतात? विजेच्या गाडीचं काम गावातल्या गॅरेजात होत नाही. आठ दिवस गाडी उभी राहिली तर भाड्याच्या टेम्पोने माल नेताना किती जातील ते लिहून ठेवा.

दुसरा फोन बॅटरीच्या वॉरंटीबद्दल. सात वर्षं हा शब्द सगळे ऐकतात, त्याच्या शेजारी किलोमीटरची मर्यादाही असते आणि क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल तेही लिहिलेलं असतं. जास्त वजन वाहिलं तर वॉरंटी जाते का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पुनर्विक्रीचा आकडा कुणी सांगितला तर निम्मा करा. जुन्या डिझेल हत्तीला गिऱ्हाईक चौकात मिळतं, जुन्या बॅटरीला अजून तसा बाजार बसलेला नाही.

तिसरा फोन ज्याच्याकडे तीच गाडी वर्षभर चालली आहे त्याला. त्याला पल्ला विचारू नका, तो अभिमानाने सांगेल. पावसाळ्यात काय झालं ते विचारा.

मेव्हण्याचं उत्तर वहीतच होतं. ६१ किलोमीटर सरासरी, म्हणजे महिन्याला १,५२५ किलोमीटर, बचत ६,१७६ रुपये, आणि लागणारे ७,२७३. दरमहा हजार-अकराशेचा खड्डा. "मग नको?" त्याने विचारलं. मी म्हटलं, गाडीचं नंतर बघू, दुपारी तीन ते सात तुझी गाडी काय करते ते सांग. गाडी काहीच करत नव्हती.

सध्या तो कोंढव्याच्या दोन सोसायट्यांशी बोलतो आहे, आठवड्यातून तीन संध्याकाळी थेट भाजी पोचवायची. ते जमलं तर महिन्याला बारा फेऱ्या, ७२० किलोमीटर वाढतील, सरासरी नव्वदच्या घरात जाईल आणि हप्ता भागून महिन्याला पावणेदोन हजारांच्या वर हातात राहतील. एका सोसायटीने होकार कळवला आहे, दुसरीची बैठक रविवारी आहे. कोटेशनची मुदत त्यानंतर चार दिवसांनी संपते.